चटईवरची माणसं

१

माकडांना खायला घालू नका, असा फलक आमच्या उद्यानात वळणावळणावर आहे. चित्रासकट आहे, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही सोय. तरी रोज कोणीतरी शिकलासवरलेला माणूस त्याच फलकाला टेकून माकडापुढे बिस्कीट धरतो, आणि माकडाने बिस्कीट सोडून चष्मा पळवला की तक्रार घेऊन माझ्याकडे येतो. जणू माकड मी पाळलंय.

मी आतल्या किनाऱ्यावर जीवरक्षक होते. फाटकापासून जंगलातून एक पायवाट निघते, ती आधी दोन लहान किनाऱ्यांना लागते आणि शेवटी आतल्या किनाऱ्यावर येऊन संपते. पुढे समुद्र, मागे दाट झाडी, मधे वाळूची एक बारीक चंद्रकोर. चंद्रकोरीच्या या टोकाला माझी चौकी. पत्र्याचं छप्पर, एक बाक, प्रथमोपचाराची पेटी आणि बाहेर पाय धुवायचा नळ. दिवसभर पाण्यात कोण फार पुढे जातंय ते बघायचं आणि चार वाजले की शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढायचं. झाडीत अंधार लवकर पडतो, आणि संध्याकाळनंतर जंगल जनावरांचं, माणसांचं नाही, हा उद्यानाचा नियम. लोक कुरकुरत निघतात. अजून ऊन आहे, अजून मुलांचं खेळून व्हायचंय, आम्ही काय तुरुंगात आहोत का. माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. सगळे मला शिट्टीताई म्हणायचे आणि माघारी त्याहून वाईट काहीतरी.

माझा दादा त्याच उद्यानात वाटाड्या होता. खांद्यावर तिपाईची दुर्बीण घेऊन तो लोकांना पायवाटेने फिरवायचा आणि पानात पान होऊन बसलेला साप, ढोलीत झोपलेलं घुबड, फांदीवर ऊन खाणारी घोरपड दाखवायचा. लोक रांगेने दुर्बिणीला डोळा लावायचे, ‘अय्या’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. शेवटी तो त्यांना माझ्या किनाऱ्यावर आणून सोडायचा आणि चौकीतल्या बाकावर बसून केळं खायचा. अर्धं तो, अर्धं माकडं. फलक त्यालाही लागू आहे, असं मी त्याला दर वेळी सांगायचे.

त्या दुपारी मी पाण्याच्या कडेने फेरी मारत होते. सुट्ट्या संपल्या होत्या, गर्दी ओसरली होती. चंद्रकोरीच्या पलीकडच्या टोकाला, खडक सुरू होतात तिथे, झाडाखाली एक चटई पसरलेली दिसली. चटईवर तिघं. एक पुरुष, एक बाई आणि मधे कोणीतरी वाकलेलं, वयस्कर असावं. तिघांची पाठ माझ्याकडे होती, म्हणजे समुद्राकडे. लोक कुठून कुठून समुद्र बघायला येतात, आणि हे झाडांकडे तोंड करून बसलेत. असतात एकेक, म्हटलं.

मग माकडं आली. झाडीच्या कडेने अख्खी टोळी, वाटेत सापडेल ती पिशवी उचकत. एका बाईंचा ब्रेड गेला, एका कुटुंबाची टोपी गेली. चटईवर फळांची टोपली उघडी पडली होती. मी मनात म्हटलं, आता बघा गंमत.

टोळी चटईच्या अलीकडे थांबली. सगळी माकडं, पोटाशी पिल्लं घेतलेल्या माद्यासुद्धा, झाडावर चढली, वरच्या वर फांद्यांवरून पुढे गेली आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूत उतरली. पाणी खडकाला वळसा घालतं ना, तसं.

चार वाजता मी शिट्टी मारली. सगळे उठले, ते तिघं उठले नाहीत. मी जाऊन खडसावणारच होते, तेवढ्यात एका मुलाला जेलीफिश चावल्याचा आरडाओरडा झाला. त्याच्या पायावर औषध ओतून मान वर केली तर चटई नव्हती. खडकाच्या बाजूने गेले असतील, असं मी धरून चालले. त्या बाजूने वाट नाही, हे मला माहीत होतं. तरी धरून चालले.

२

ते रोज येऊ लागले. खरं म्हणजे येताना कधीच दिसले नाहीत. फाटकापासून येणारी एकुलती एक पायवाट माझ्या चौकीसमोरून जाते, पण त्यावरून चटई घेऊन जाणारं कोणी मी पाहिलं नाही. दुपार कलली की ते असायचे, बस्स.

मी वेडी नाही. आधी मी सगळी साधी कारणं लावून पाहिली. कानाने अधू असतील, म्हणून शिट्टी ऐकू येत नसेल. घरात काही वाईट झालं असेल, समुद्र बघवत नसेल. माकडांना त्यांच्या अंगाला लावलेल्या तेलाचा वास आवडत नसेल. पण एका दुपारी मी फेरीवर न जाता चौकीतूनच बघत होते. चौकी टोकाला आहे, तिथून ते मला बाजूने दिसायला हवेत. गाल, नाक, गुडघे. तिथूनही मला तिघांच्या पाठीच दिसल्या.

वळून बसले असतील. मी चौकीतून निघून पाण्याकडे गेले. पाठी. परत चौकीकडे आले. पाठी. आता माझं डोकं फिरलं. ही माणसं माझी थट्टा करतात, मी जाईन तिकडे पाठ फिरवतात, असं मला वाटलं. सरकारी गणवेशातल्या बाईला कोणी किंमत द्यायची नाही असा नियमच आहे जगाचा. मी शिट्टी मारत तरातरा निघाले. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. मी एकदा डोळे पुसले, आणि झाडाखाली पोहोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आमच्या किनाऱ्यावर खेकड्यांची बिळं कुठे नाहीत असं होत नाही. पाय ठेवायला जागा मिळत नाही इतकी. त्या झाडाखाली चटईएवढा एक चौकोन मात्र असा होता, की त्यात एकही बीळ नव्हतं. कडेपर्यंत बिळं होती. कडेला येऊन खेकडे वळले होते.

घरी जेवताना मी हे सांगितलं. आमचं घर तीन खोल्यांचं, जेवायला सगळे स्वयंपाकघरातच बसतो. वहिनीला हसू आवरेना. ती म्हणाली, “वन्सं, जगात एवढी माणसं तुमचं ऐकत नाहीत, त्यात आणखी तिघांची भर.” दादा हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, की माकडं झाडावरून गेली ती ओरडत गेली की गप्प. मी आठवून पाहिलं. गप्प गेली होती. पिल्लंसुद्धा.

३

मग साहेबांनी बोलावलं.

कार्यालय फाटकाशेजारी आहे. बाहेर ओटीवर बाक, आत साहेबांची थंड खोली. मला बाकावर बसवून ठेवलं, आत कोणी पाहुणे आहेत म्हणाले. बराच वेळ बसले. दारातून कोणी बाहेर आलं नाही. मग शिपाई म्हणाला, जा आत.

साहेब चिडले होते. माझ्याबद्दल तक्रार आली होती. आतल्या किनाऱ्यावर एक अत्यंत सभ्य कुटुंब येतं, कोणाच्या अध्यातमध्यात नसतं, आणि ही बाई रोज त्यांच्यावर शिट्ट्या मारत धावून जाते. उद्यान लोकांवर चालतं, असं साहेब म्हणाले. अशाने लोक येतील का?

मी म्हटलं, चारनंतर कोणालाही थांबू द्यायचं नाही हा नियम तुमचाच आहे, खाली सही तुमची आहे. आणि ही तक्रार केली कोणी?

“त्यांनी स्वतः केली. आत्ता तुमच्याआधी इथे बसले होते. बाहेर भेटले नाहीत?”

या खोलीला एकच दार आहे. मी त्या दाराकडे तोंड करून बसले होते. मी साहेबांना विचारलं, दिसायला कसे आहेत हो ते?

“कसे म्हणजे? ते गृहस्थ…” साहेबांनी हात वर केला, उंची दाखवायला असावा, आणि तो तसाच राहिला. शब्द जिभेवर आहे पण येत नाही, असं माणसाचं तोंड होतं तसं त्यांचं झालं. काही क्षण मला त्यांची कीव आली. मग त्यांनी हात खाली आपटला आणि म्हणाले की लोकांच्या रंगरूपाची चौकशी करणं हे माझं काम नाही, आणि यापुढे त्या कुटुंबाच्या वाटेला जायचं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी निघायला वळले आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. साहेबांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या असतात. तिन्ही खुर्च्या उलट्या फिरवलेल्या होत्या. टेबलाकडे पाठ, भिंतीकडे तोंड. भिंतीवर काही नाही, नुसता रंग.

मी शिपायाला विचारलं, या कोणी फिरवल्या? तो म्हणाला, मघापासून तशाच आहेत, मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल. आणि त्याने त्या एकेक करून सरळ केल्या, अगदी कडेला बोटांनी धरून.

४

दुसऱ्या दिवशी दादाने आपली माणसं किनाऱ्यावर आणून सोडली आणि तो बाकावर टेकला. मी त्याला केळं सोलू दिलं नाही. म्हटलं, दादा, दुर्बीण लाव. एकदा नीट बघ आणि मला सांग, की माझ्याच डोळ्यांत दोष आहे. मी उद्या चष्मा करून घेते.

त्याने तिपाई वाळूत रोवली. दादा दुर्बिणीला डोळा लावला की बोलत असतो, ही सवयच लागलेली. डावीकडची फांदी बघा, आता तिच्या खाली, आता हळूच मान वळवेल. त्या दिवशीही त्याने सुरुवात केली. “हं, झाड आलं. चटई आली. टोपली आहे, फळं…” आणि मग तो थांबला.

समोर मुलं पाण्यात ओरडत होती. दादा दुर्बिणीचं चाक सावकाश फिरवत होता, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग त्याने डोळा काढला, सदऱ्याने काच पुसली आणि परत बघितलं. त्याचा खालचा ओठ जरासा सुटला होता. मी इतकी वर्षं त्याला जनावरं बघताना बघत आले. वाघाच्या ताज्या ठशावर पाय पडला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

मी विचारलं, पाठमोरेच बसलेत ना?

त्याने काचेवर टोपण लावलं. तिपाईचे पाय मिटले. सगळं अगदी हळू, आवाज न करता.

“अगं,” तो म्हणाला, “ती पाठ नाहीये.”

मी परत परत विचारत राहिले. आपली माणसं गोळा करून तो चारच्या आधीच निघून गेला. जाताना मात्र तो उलटा चालत गेला. वाटाडे तसे चालतातच, लोकांकडे तोंड करून. पण त्याची माणसं तेव्हा वाटेवर पुढे गेली होती, आणि त्याचं तोंड चटईकडे होतं.

५

त्यानंतर दादाला जनावरं दिसेनाशी झाली.

डोळे चांगले होते, मी डॉक्टरकडे नेलं होतं. जनावरंच नव्हती. ढोलीतलं घुबड त्या वाटेवर वर्षानुवर्षं झोपत होतं. दादाने दुर्बीण लावली तेव्हा ढोली रिकामी. तासाभराने दुसऱ्या वाटाड्याने तिथेच लोकांना घुबड दाखवलं. घोरपडीच्या फांदीवर घोरपड नाही. खंड्या नाही, खार नाही. दादा चालायला लागला की वाटेवरचे रातकिडे पुढे पुढे बंद होत जायचे आणि तो गेला की मागे परत सुरू व्हायचे. त्याच्याबरोबरच्या लोकांना वाटायचं, काय शांत जंगल आहे.

एक दिवस तो माझ्या चौकीत आला, केळं सोललं आणि हात लांब करून बसून राहिला. माकडं समोरच्या झाडावर होती. रोज त्याच्या खांद्यावर चढणारी, त्याचे केस उकरणारी तीच टोळी. ती हलली नाहीत. मग म्हातारा नर फांदीवर मागे सरकला आणि बाकीची त्याच्यामागे. दादाचा हात दुखेपर्यंत तसाच होता. मी त्याला म्हटलं, फलक वाचायला शिकली वाटतं. तो हसायचा प्रयत्न करत होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

लोक चिडले. एवढ्या लांबून आलो ते काय पानं मोजायला, म्हणाले. साहेबांनी दादाला बोलावून सांगितलं की आता वय झालं, नजर गेली, घरी बसा. दुर्बीण आणि गणवेश सवडीने जमा करा. पायवाटेवरची निम्मी वळणं ज्याने कोयत्याने काढली त्याला हे सांगितलं. तोंडाला पानं पुसायची ती तरी थोडी हळू पुसावीत.

मी साहेबांच्या खोलीत न विचारता शिरले आणि टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, माणूस तुमच्या उद्यानात बिघडला आहे, आतल्या किनाऱ्यावर बिघडला आहे, त्या झाडाखाली काय बसतं ते आधी जाऊन बघा, आणि नाही बघवत तर किनारा बंद करा. साहेब अजिबात चिडले नाहीत. ते माझ्याकडे असं बघत होते जसं लोक तापात बडबडणाऱ्या मुलाकडे बघतात. म्हणाले, “ते कुटुंब तर तुमच्या भावाबद्दल फार चांगलं बोलतं. कालच आठवण काढत होते.”

घरी वहिनी भांडी जोरात आदळत होती. तिचा राग माझ्यावर होता, आणि तो बरोबर होता. ती म्हणाली नाही, पण दुर्बीण लावायला मीच सांगितलं होतं. दादा खिडकीशी बसलेला. खिडकीच्या तारेवर रोज चिमण्या असतात. त्या नव्हत्या.

६

तो दिवस ढगाळ होता, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असं म्हणायची सोय नाही. सकाळी मी निघाले तेव्हा दादा पांघरूण घेऊन पडला होता. बरं नाही, म्हणाला. किनाऱ्यावर मोजकी माणसं होती. चार वाजता मी सगळ्यांना वाटेला लावलं. त्या टोकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण वळताना नजर गेलीच.

चटईवर चौघं होते.

चौथी पाठ दादाची होती. ओळखायला चेहरा लागत नाही, सख्ख्या भावाची पाठ आहे. दुर्बिणीचा पट्टा घासून गणवेशाच्या डाव्या खांद्यावर पडलेला फिकट डाग. टाळूवरचं टक्कल. डावीकडे जरा झुकून बसायची तऱ्हा.

मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला संताप आला. घरी बायको रडून अर्धी झाली आहे आणि हा इथे सहलीला येऊन बसलाय, त्याच लोकांत. मी पळतच गेले. या वेळी चटई नाहीशी झाली नाही.

बाकीच्या तिघांकडे मी बघितलं नाही. खरं सांगते, एवढी अक्कल मला होती. मी फक्त दादाच्या हाताकडे बघितलं, मनगट धरलं आणि ओढलं. तो उठला, अगदी सहज. हात थोडा गार होता. मी वळले आणि त्याला मागे खेचत चालू लागले.

तेव्हा पाठीमागून आवाज आला. फार हळू, दोघं-तिघं एकमेकांशी कुजबुजत होते. तो सूर मी जन्मभर ऐकत आले आहे. पायवाटेवर एखादं जनावर अगदी जवळ आलं की दादाची माणसं त्याच सुरात बोलायची. आनंदाने, श्वास धरून, एकमेकांना कोपराने ढोसत.

“हळू,” कोणीतरी म्हणालं. “हळू. पळेल ते.”

मी मोठ्याने बोलायला लागले, तो आवाज कानावर येऊ नये म्हणून. पूर्ण किनारा संपेपर्यंत मी दादाला फैलावर घेतलं. म्हटलं, लाज वाटायला हवी. आईबाबा गेल्यावर तू मला सांभाळलंस, आता मी तुला सांभाळायचं का? वहिनीने काय घोडं मारलंय तुझं? घरी चल, उद्या आपण हे गाव सोडू, मला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, तुलाही मिळेल. तो मुकाट्याने येत होता. पाय ओढत नव्हता, धडपडत नव्हता. माझं प्रत्येक वाक्य संपलं की मनगट जरासं हलायचं, मान डोलावल्यासारखं.

चौकी आली. बाकावर कोणीतरी बसलं होतं. घरातले कपडे, मांडीवर मिटलेली तिपाई, शेजारी घडी केलेला गणवेश. दुर्बीण जमा करायला आला होता, आणि देण्याआधी एकदा मला भेटावं म्हणून इथपर्यंत चालत आला होता.

दादाने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, हसला. मग त्याने माझ्या मागे बघितलं.

त्याचा आवाज वाटाड्याचा झाला. पायाशी नाग असलेल्या माणसाशी तो बोलायचा तो आवाज. शांत, सपाट.

“मागे बघू नकोस. माझ्याकडे बघ. हात सोड आणि हळूहळू माझ्याकडे चालत ये.”

मी हात सोडला.

तो सुटला नाही.

७

कधी सुटला ते मला माहीत नाही. दादाने माझा दुसरा हात धरला होता आणि आम्ही पायवाटेने चाललो होतो, एवढं आठवतं. आजूबाजूचं जंगल इतकं गप्प होतं की आमच्या चपलांचा आवाज पुढच्या वळणावरून परत येत होता. बाहेर पडल्यावर मी मनगट बघितलं. खूण नव्हती. खूण असती तर बरं झालं असतं, साहेबांच्या तोंडावर धरली असती.

दादा आणि वहिनी तिच्या माहेरी राहायला गेले. तिथे तो फळबागेत काम बघतो. पहिले काही महिने बागेतले पक्षीही त्याच्यापासून लांब राहायचे. आता वहिनीचा फोन येतो, आज एक मांजर येऊन याच्या मांडीवर बसलं, हलायला तयार नाही. मी फोनवर नुसती ऐकत राहते. बोलले तर रडू येईल.

मी गेले नाही. सगळे म्हणाले चल, पण मी का जावं? मला कामावरून काढलं, बेशिस्तीचं कारण दिलं. किनारा चालूच आहे. आता म्हणे चारनंतरही थांबता येतं. मी एका शाळेत साफसफाईचं बघते आणि दुपारनंतर फाटकाबाहेरच्या सार्वजनिक बाकावर येऊन बसते. बाक उद्यानाचा नाही, नगरपालिकेचा आहे, मला कोणी उठवू शकत नाही. आत जाणाऱ्या लोकांना मी सांगते, पहिले दोन किनारे बघा, छान आहेत, तिसऱ्यावर जाऊ नका. लोक हसतात. काही जण वळसा घालून जातात. माझ्या बाकाच्या आसपास कावळेही उतरत नाहीत, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

परवा एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन बाहेर आल्या आणि दमून माझ्याशेजारी बसल्या. उन्हाने लाल झालेल्या, खूश. मी विचारलं, तिसऱ्या किनाऱ्यावर गेला होतात का? हो, म्हणाल्या, फार सुंदर. जनावरं काही दिसली नाहीत, पण शांतता काय होती. शेवटच्या झाडाखाली एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं.

मी विचारलं, किती जण?

त्यांनी मोजले नव्हते. पण एक बाई लक्षात राहिली, म्हणाल्या. बाकीचे गप्प, आणि ती एकटी कोणावर तरी चिडलेली होती. हळू आवाजात, सारखी, श्वासही न घेता. पाठ होती इकडे, शब्द कळत नव्हते, पण कोणाला तरी फैलावर घेत होती हे कळत होतं. “बिचारीला काही मदत हवी का, म्हणून आमचे हे विचारायला गेलेत. मी हिला घेऊन पुढे आले. येतीलच इतक्यात.”

 आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, भीतीच्या जागी मला तो जुना, चांगला, पोटातून येणारा संताप आला. म्हणजे माझी पाठ तिथे नेऊन बसवलीत ती बसवलीत, आणि वर माझा आवाज लावून माणसं बोलावता?

आतून फाटकाकडे एक माणूस येताना दिसला. सावकाश, नीटनेटका, चेहऱ्यावर सभ्य हसू. कार्यालयाच्या खिडकीतून साहेबांनी त्याला हात केला, जुन्या ओळखीच्या माणसाला करतात तसा. शेजारच्या बाई उठल्या आणि पिशव्या गोळा करू लागल्या. “चल,” त्या मुलीला म्हणाल्या, “बाबा आले.”

मुलगी उठली नाही. तिने त्या माणसाकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि माझ्या कुशीत सरकून आईला म्हणाली, “कुठे?”

मी तिला आईच्या हातात दिलं, बाईंना म्हटलं बसून राहा, आणि जाऊन फाटकाच्या मधोमध उभी राहिले.